हद्दीपलीकडचं माहेर

नर्सिंगच्या मुलींना मी 'आरोग्यावर परिणाम करणारे सामाजिक घटक' शिकवते. शिक्षण, उत्पन्न, राहणीमान, रूढी. मी फळ्यावर लिहायचं, पोरींनी वहीत उतरवायचं. माझी जीभ तिखट, त्यामुळे उलट कुणी विचारत नाही.

त्या वर्षी फोपनार गावात सर्वेसाठी प्रत्येकीला एकेक घर वाटून दिलं होतं. एका अबोल मुलीच्या वाट्याला आलेल्या घरात पहिलटकरीण सून होती. बीपी वाढलेलं, पाय सुजलेले. ही दर आठवड्याला मशीन घेऊन जायची, मोजायची, कार्डावर लिहायची. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि रीतीप्रमाणे सून माहेरी निघाली. माहेर इच्छापुरच्या पुढे, राज्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रात.

"मॅडम, तिथे तिचं बीपी कोण बघणार? कार्डही इकडचं. मी रविवारी जाऊन येते ना, मशीन द्या फक्त."

"तिकडे काय नर्सा मेल्यात?" मी खेकसले. "आपली हद्द संपली, आपलं काम संपलं. नसत्या उठाठेवी नकोत, पेपर तोंडावर आलेत."

सर्वेच्या वहीत मी स्वतः लिहिलं : माहेरी गेली. काम नीट झाल्यासारखं वाटलं मला तेव्हा!

महिन्याभराने मी आणि ती मुलगी त्या घरी गेलो, तर सासू ओट्यावर बसलेली. आम्हाला बघताच रडायला लागली. सून वारली होती, पोटातल्या बाळासकट. झटके आले आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपलं सगळं.

माझं डोकंच फिरलं. सूज दिसत होती, तर माहेरच्यांनी आधी का नाही नेलं? काय अडाणी लोक, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात सासूने त्या मुलीचं मनगट धरलं.

"दोन दिवस डोकं दुखत होतं वं तिचं. आई म्हने, चल दवाखान्यात. तर म्हने, थांब, माझी नर्सबाई रविवारी मशीन घेऊन येनार हाये, तिलेच दाखवतो. तू येतो म्हनली होती ना? मग काऊन नाही आली?"

"चुकलं माझं, काकी," एवढंच ती मुलगी म्हणाली.

मॅडमनी जाऊ दिलं नाही, हे तिने सांगितलं नाही. सासू तिला बोल लावत राहिली. मी शेजारीच उभी होते, आणि मीही सांगितलं नाही.