थोरलीची खिडकी

धाकट्या बहिणीच्या खिडकीचा फोटो घरच्या ग्रुपवर आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. खिडकी तीच, बिल्डरने दिलेली ॲल्युमिनियमची. पण काचेच्या आतल्या बाजूने आता सागवानी पट्ट्यांची चौकोनी जाळी बसली होती आणि फरशीवर उन्हाचे चौकोन पडले होते. खाली लिहिलं होतं, 'अण्णांची कलाकारी.' मी अंगठा पाठवला. उरलेली भेंडी अशी चिरली की भाजी एवढी बारीक का, म्हणून नवऱ्याने जेवताना विचारलं.

मला मत्सर वाटला. थोडंसं वाईट वाटलं वगैरे नाही, सरळ पोटात दुखलं.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा लाकडी नमुना आधी करायचा, हे त्यांचं काम. तापलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून नमुना थोडा मोठा लागतो. त्यासाठी त्यांच्याकडे एक खास पोलादी पट्टी असे, जिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा किंचित मोठा. लहानपणी मी ती एकदा भूमितीच्या तासाला नेली आणि माझ्या सगळ्या रेघांवर बाईंनी लाल फुल्या मारल्या. अण्णा पोट धरून हसले होते.

त्याच वर्षी त्यांनी धाकटीला लाकडी बैलगाडी करून दिली. मी मागितली तर म्हणाले, तू आता मोठी झालीस. मी नऊ वर्षांची होते. थोरली समजूतदार, थोरलीला काही लागत नाही, हे आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलं की पुढे मला काही मागायचीच लाज वाटायला लागली.

आई गेल्यापासून अण्णा लोणी काळभोरच्या घरी एकटेच असतात. त्या जाळीसाठी ते धाकटीकडे आठ दिवस राहिले होते. आठ. माझ्याकडे येतात ते सणाला, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांना परतीची बस आठवते.

मी खिडकी बघायला गेले. सांध्यांवरून बोट फिरवलं. कुठे खिळा दिसेना, कुठे फट सापडेना. मी चांगली शोधली. शेवटी म्हटलं, "धूळ फार बसेल पण."

"पुसते ना मी," धाकटी म्हणाली आणि मला दुसरा लाडू वाढला. हिला राग तरी यावा, तर तोही येत नाही.

महिनाभर मी कळ काढली. मग एकदा अण्णांना फोनवर प्रकृती विचारता विचारता म्हटलं, आमच्याकडेही ऊन फार येतं हो दुपारचं. त्यांना लगेच कळलं. रविवारी मापं घ्यायला येतो म्हणाले. आणि इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आल्यावर माझी जीभ काय बोलली? कशाला दगदग, मीच मापं पाठवते. तुम्हाला धाकटीकडचं काही काम असेल. ते मग बरं म्हणाले.

नवऱ्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावून मी खिडकी तीनदा मोजली आणि आकडे पाठवले. तीन आठवड्यांनी अण्णा शेजाऱ्याच्या टेम्पोतून जाळी घेऊन आले. सागवान धाकटीच्या खिडकीपेक्षा उजवं होतं, हे मी जिन्यातच पाहून घेतलं. खिडकीला लावली, तर जाळी आत जाईना. बोटभर बाहेर राहत होती. त्यांनी ती फिरवून पाहिली, पुन्हा लावली. मग पिशवीतून पट्टी काढली, आणि पाहताक्षणी मला भूमितीची वही आठवली.

धाकटीकडे त्यांनी खिडकी याच पट्टीने मोजली होती आणि लाकूडही याच पट्टीने कापलं होतं, म्हणून सगळं जुळलं. माझी खिडकी मोजली बाजारच्या टेपने आणि लाकूड कापलं या पट्टीने. ही पट्टी मला चांगली ठाऊक होती. त्यांना येऊ दिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं.

"माझंच चुकलं," मी म्हटलं. "तुम्हाला येऊ द्यायला हवं होतं."

अण्णा पट्टीवरची धूळ अंगठ्याने पुसत होते. "धाकटी बोलावती, म्हून जातो," ते म्हणाले. "तू कधी बोलवत न्हाईस. मला वाटायचं, हिला काय लागत न्हाई."

मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्यापाशी जरा वेळ उभी राहिले.

कडा तासून जाळी अर्ध्या तासात बसली असती. पण तशाने कडेचे चौकोन लहान दिसतील, म्हणून अण्णा ऐकेनात. त्यांनी जाळी पूर्ण सोडवली आणि बाल्कनीत पोतं अंथरून एकेक सांधा नव्याने करायला घेतला. घरभर लाकडाचा भुसा झाला. मी तो रोज झाडत होते आणि धाकटीला रोज फोटो पाठवत होते, भुशासकट.

आठव्या दिवशी जाळी बसली. चौकोन न् चौकोन सारखा. नवव्या दिवशी सकाळी अण्णांनी हत्यारं पिशवीत भरली आणि चपला घालायला वाकले.

"अण्णा," मी म्हटलं, "त्या वरच्या कोपऱ्यात जरा फट दिसतेय."

ते परत आले. चष्मा लावून कोपऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. तिथे फट नव्हती.

"हाय खरी," ते म्हणाले आणि पिशवी खाली ठेवली.