ग्रंथपाल सरांचं एक वाक्य

शिट्टी न वाजवता खेळाडूंना घाम फोडणारा माणूस आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एकच झाला, आणि तो मैदानावर कधी दिसायचा नाही. तो आमच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पंख्याखाली दोन चष्मे घेऊन बसलेला असायचा, एक नाकावर, एक कपाळावर. आम्ही तिथे आलो होतो धावायला आणि उड्या मारायला. पुस्तकाशी संबंध परीक्षेपुरता. पण लघुप्रबंधाशिवाय पदवी नाही, आणि ग्रंथपाल सरांनी संदर्भ तपासून सही केल्याशिवाय लघुप्रबंध जमा होत नाही. त्यामुळे जिल्ह्यात नाव काढलेले गोळाफेकपटूसुद्धा त्यांच्या टेबलासमोर आले की हाताची घडी घालून खाली बघत उभे राहत.

सरांचे प्रश्न तीनच. "कोन म्हनते? कवा म्हनते? कोनाबद्दल म्हनते?" आमच्या वर्गात फुलसावंगीचा एक शरीरसौष्ठववाला होता. अमुक पावडरीने महिन्याभरात दंड फुगतात, असं त्याने लिहून आणलं. "इंटरनेटवर हाये सर," म्हणाला. सरांनी त्याचा मोबाइल घेतला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला, बोटाने पान सरकवत पार तळाशी गेले आणि म्हणाले, "अरे, हे तं डबा विकनाऱ्यानंच ल्ह्यलं हाये. तो कायले म्हनन का फुगत नाही म्हनून?" एवढ्यावर सोडते तर ते सर कसले! दुपारभर त्याला शेजारी बसवून घेतला आणि प्रयोग कोणावर केला, किती जणांवर केला, खर्च कोणी दिला, हे कुठे शोधायचं ते दाखवलं. त्या दिवशी त्याचा व्यायाम बुडाला. पण नंतर जिममध्ये कोणी काही सांगायला लागलं की हाच पठ्ठ्या डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचताना दिसायचा.

हे खूळ ग्रंथालयापुरतं असतं तर ठीक होतं. बोरी अरबला माझ्या बहिणीचं लग्न होतं. पंगतीत शेजारच्या पाहुण्याने सहज म्हटलं, "जेवल्यावर डाव्या कुशीवर झोपलं का पचते." सरांनी उचललेला घास ताटात ठेवला आणि कुठे वाचलंत म्हणून विचारलं. पाहुण्याला वाटलं, हा वरपक्षाचाच माणूस भांडण काढतोय. दोघांची समजूत घालता घालता माझ्या वडिलांच्या नाकी नऊ आले. काकू, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, शांतपणे म्हणाल्या, "यायले जेवाले नोका बोलावत जाऊ. भाषनालेच बोलावत जा." मात्र एक सांगायला हवं. "सर, मले माहीत नाही," असं कोणी म्हटलं की त्यांचा चेहरा फुलायचा. स्वतः उठून खुर्ची ओढून द्यायचे, जणू त्या माणसाचीच वाट बघत बसले होते.

शेवटच्या वर्षी मला सराव पाठासाठी मारेगावच्या एका शाळेत पाठवलं. मार्च महिना होता. वैष्णवी नावाची नववीतली एक मुलगी फार सुंदर धावायची. तिला तालुक्याच्या स्पर्धेसाठी तयार करायचं मी मनावर घेतलं होतं. एका दुपारी चौथ्या फेरीनंतर तिने पाणी मागितलं. मी म्हटलं, "सराव झाल्यावर." सहाव्या फेरीत ती वाकली, बसली आणि मग आडवीच झाली. सावलीत नेलं, पाणी शिंपडलं, दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली. पण तिच्या वडिलांनी सांगून टाकलं की उद्यापासून पोरगी धावणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन बसले. सरांनी विचारलं, तेव्हा रडत सगळं सांगितलं.

"पानी काहून नाही देलं?"

"सर, सरावात पाणी प्यायल्याने दम तुटतो. संशोधनाने सिद्ध झालंय."

"कोन म्हनते?"

मी माझी वही काढली. वहीतलं वाक्य मी एका सीनियरच्या लघुप्रबंधातून उतरवलं होतं. सरांनी तो कपाटातून काढला. त्याने ते त्याच्याआधीच्या एका मुलीच्या लघुप्रबंधातून घेतलं होतं. तिचाही काढला. आणखी दोन निघाले. सगळीकडे तेच वाक्य, आणि सगळीकडे 'सिद्ध'च्या जागी 'सिद' छापलेलं. सर अगदी रंगात आले होते. शिडी लावून ते वरच्या फळीवर चढले आणि सगळ्यात जुना, लाल कापडी बांधणीचा लघुप्रबंध घेऊन खाली आले. वाक्य तिथेही होतं, खाली कसलाही आधार नव्हता. मग त्यांनी पहिलं पान उघडलं. पानावर त्यांचंच नाव होतं.

सर तरुणपणी याच महाविद्यालयात शिकले, कबड्डी खेळत होते, हे मला तेव्हा कळलं.

"आमच्या मास्तरनं सांगतलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "म्या त्याले 'संशोधनानं' जोडून देलं. वजन येते म्हनून. इतक्या वर्सांत पार इसरून गेलतो. तुमचे तपासतानी वाक्य वळखीचं वाटे, म्हनून कधी इचारलंच नाही."

मला वाटलं, ते पुस्तक जागेवर ठेवतील आणि विषय संपेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याबरोबर मारेगावच्या एसटीत बसले. वैष्णवीचे वडील अंगणात तुरीचं पोतं शिवत होते. त्यांनी विचारलं, "तुमी कोन जी?"

"मी ग्रंथपाल. हिनं ज्या वाक्यापायी तुमच्या पोरीले पानी नाही देलं, ते वाक्य माहं हाये. खोटं हाये. चूक माही हाये."

वडिलांनी दाभण खाली ठेवलं. पुस्तकातल्या वाक्याची माफी मागायला कोणी घरी येतं, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. सरांनी पिशवीतून दोन पुस्तकं काढली, उन्हात धावणाऱ्याला केव्हा आणि किती पाणी द्यावं ती पानं उघडली आणि वाचून दाखवली. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, तेही सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोरीकडे पाहिलं. ती दारात बूट हातात घेऊनच उभी होती.

"सकाऊन धावाव तिनं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "दुपारी नाही."

त्यानंतर सरांनी एक चिठ्ठी टाइप केली, 'या वाक्यास आधार नाही, वाचकाने विश्वास ठेवू नये', आणि खाली सही करून ती पाचही लघुप्रबंधांत आपल्या हाताने चिकटवली.

आता मी स्वतः शाळेवर आहे. सर निवृत्त झाले. गेल्या दिवाळीत भेटायला गेले, तर गुडघे धरलेले. मला बघून आधी चहाचं नाही विचारलं. "जिना चढतानी कमी दुखते आन उतरतानी जास्त. असं काहून होत असन?" मला नीट सांगता आलं नाही. मग माझा मोबाइल आणि त्यांची दोन जाड पुस्तकं मधे घेऊन आम्ही दुपारभर शोधत बसलो. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार सांभाळावा लागतो, इथपर्यंत आलो. पुढच्या कारणावर संशोधकांचंच एकमत दिसेना, म्हणून सरांना फार आनंद झाला.

निघताना मला पोचवायला ते दारापर्यंत आले, आणि नको म्हणत असतानाही फाटकापर्यंत यायला निघाले. मधे चार पायऱ्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताचं फारसं वजन लागत नव्हतं. एकेका पायरीवर थांबून, नेमकं कुठे दुखतं ते मला सांगत, ते खाली उतरले. मला घाई नव्हती.