आधी नख फिरव

१० मे, रविवार. सकाळी मोटरसायकलच्या इंजिनाखाली चिरा सरकवला आणि पुढचं चाक काढायला घेतलं. डाव्या फोर्कचं ऑइल सील गेलं होतं. चाक धरणाऱ्या फोर्कच्या दांडीवर तेल आणि तेलावर डिचोलीच्या रस्त्याची तांबडी धूळ. दुसऱ्या दिवशी इब्रामपूरला मेस्तांच्या बाराव्याला जायचं होतं. त्यांच्या दारात गळकी गाडी उभी करणं मला पटेना.

मेस्तांचं गॅरेज पेडण्याच्या बाजाराबाहेर होतं. गाडी नेली की ते आधी आपल्याला हात धुवायला पाठवायचे. गाडी उघडणार तुम्ही, हात मी का धुवायचे, असं मी पहिल्या खेपेला विचारलं होतं.

"तू मदी मदी बोट घालतलंस म्हणून," ते म्हणाले.

मी घालायचेच.

गाडी माझ्या बाबांची. ती ठेवली ती आठवण म्हणून नव्हे. शेती खात्यातल्या नोकरीत मला वाड्यावाड्यांवर फिरावं लागायचं आणि चढावर स्कूटर दमायची. मेस्तांना हे कारण आवडलं होतं. गाडीला नाव ठेवणारी, तिला हार घालणारी गिऱ्हाइकं त्यांना सहन होत नसत.

सील गळतंय म्हटलं, तरी ते लगेच पाना उचलत नसत. पुढचा ब्रेक दाबून हँडल तीनदा खाली रेटायचे. मग दांडी पुसून तिच्यावर वरपासून खालपर्यंत अंगठ्याचं नख फिरवायचे, डोळे रस्त्याकडे ठेवून. "नख अडाकला, तर नवा सील घालून उपेग नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दांडीवर गंजाचा बारीक खड्डा असला तर तो सीलची कड कापतो, एवढाच त्याचा अर्थ. भाड्यानं गाड्या देणारा एकजण नुसती सीलं बदलून मागायचा. त्याला त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. मी एकदा एकाच बाजूचं सील नेलं, तेव्हा त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "एकाच पायाक चप्पल घेतंस काय गे?" मी गुपचूप दुसरं आणायला गेले.

सहा वर्षांपूर्वी असंच तेल गळायला लागलं म्हणून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. मेस्त बाटल्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. म्हणाले, आज तू कर, मी सांगतंय. मला राग आला. बाजारात बोलणं होतंच, की मेस्त आता गिऱ्हाइकाकडूनच काम करून घेतात. पण रजा फुकट घालवायची नव्हती, म्हणून हात धुऊन बसले.

त्यांनी सांगितलं तसं दांडी बाहेर काढली, जुनं सील उपसलं, नख फिरवलं. नव्या सीलची कड फाटू नये म्हणून दुधाची रिकामी पिशवी दांडीच्या टोकावर चढवून तिला तेल लावलं. सील त्यावरून खाली घेतलं, ठोके झेलायला वर जुनं सील ठेवलं आणि हातोडीनं ठोकायला लागले. तिसऱ्या ठोक्याला ते म्हणाले, "रव. वाकडा जाताहा." आणि सवयीनं त्यांनी हातोडी माझ्या हातातून घेतली.

ती दांडीभोवती थरथरत राहिली. कुठंच पडेना. मेस्तांनी ती खाली ठेवली आणि हात परत मांडीखाली घातला. शेजारी चहाचा ग्लास होता, भरलेला, वर साय धरलेली. तो त्यांनी का उचलला नव्हता, ते मला तेव्हा कळलं.

"बाजारात कोणाक सांगू नको," ते म्हणाले.

"मला काय दिसलं सांगायला? पुढे काय करू ते बोला."

"उजवी कड. हळू."

पुढच्या गुरुवारी त्यांना मागे बसवून म्हापशाला डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांनी चहा पिता येऊ लागला, हातोडी धरता आली नाही. गॅरेज तरी आणखी तीन वर्षं चाललं. गिऱ्हाइकं कुरकुरत, हात धुवत, आपापल्या गाड्या खोलत. मग मेस्त इब्रामपूरला लेकीकडे राहायला गेले. मी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी दोन्ही सीलं बसली. दोन्ही बाजूंना सारखं तेल घातलं, मोजायला बाळाची दुधाची बाटली. ती युक्तीही त्यांचीच.

सोमवारी सकाळी इब्रामपूरला पोचले. तो भाड्याच्या गाड्यांवाला मांडवात बसून चारजणांना सांगत होता, "मेस्त म्हातारपणी आळशी झालो. माझी गाडी माकाच खोलूक लावी." लोक हसले. आता मेस्त नव्हते. सांगितलं असतं तर चाललं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण समोर अर्धा पेडण्याचा बाजार बसला होता.

जेवून बाहेर आले, तर तोच माझ्या गाडीपाशी उभा. पुढचा ब्रेक दाबून त्यानं हँडल तीनदा खाली रेटलं, रुमालानं दांडी पुसली आणि नख फिरवलं, रस्त्याकडे बघत.

"सरळ बसला हा," तो म्हणाला. "खंयच्या मेकॅनिकान घातला?"

मेस्तांनी, म्हटलं, आणि गाडी सुरू केली.