दौलतराव फिटरनं काढलेली झडप

दौलतराव फिटर नाकावर माशी बसू द्यायचा नाही. चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला माझं चहाचं दुकान होतं, त्याला लागूनच त्याची पत्र्याची शेड. म्हणून हे सगळं मी या डोळ्यांनी पाहिलंय. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना नुकता आला होता, रस्त्यावर मोटारी वाढल्या होत्या, आणि जुनी गाडी तापली की जो तो त्याच्याकडं यायचा. हाताला गुण होता त्याच्या, खोटं कशाला बोलू. पण एक खोड होती.

इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवर पितळेची एक झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात तिला. पाणी गार असेल तर ती मिटून राहते, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. पाणी तापलं की उघडते. जुनी झाली की कधीकधी मिटूनच बसते आणि गाडी उकळते. मग नवी टाकावी की नाही? दौलतराव जुनी काढून शेडीतल्या तारेला लटकवायचा आणि जागा मोकळीच ठेवायचा. "ही साहेबाच्या थंड मुलखातली भानगड. आपल्याकडं हिचं काय बी काम न्हाई," म्हणायचा. रस्त्यावरचे सगळेच फिटर तसं करायचे.

आमच्या आळीतल्या कोंडाजीच्या टॅक्सीची झडप त्यानं उन्हाळ्यात अशीच काढली. लढाईच्या आधीची गाडी ती, पण पुन्हा उकळली नाही. मग थंडी पडली.

कोंडाजीची बायको अंबुबाई छातीच्या दुखण्यानं खंगली होती. तिला भल्या सकाळी औंधच्या दवाखान्यात सुईला न्यावं लागायचं. सुया चुकल्या तर बाई हातची जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि गाडी नेमकी दापोडीच्या पुलावर, धुक्यात, आचके देऊन बंद पडायची. दुपारची गिऱ्हाइकं मात्र सुखरूप पोचायची. झालं, आळीतल्या बायकांच्या जिभेला हाड थोडंच आहे? अंबुबाई बसली की गाडी बंद पडते, पायगुणच तसला, असं बोलणं सुरू झालं. ते तिच्या कानावर गेलं.

"मी न्हाई यायची आता," ती कोंडाजीला म्हणाली. "माज्यापायी तुमची गाडी बी जाईल." मला असा संताप आला, एकेकीच्या झिंज्या धराव्या वाटल्या.

दौलतरावानं प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलला शिव्या घातल्या. शेवटी मीच म्हटलं, "राव, सकाळच्या गारठ्यात बसून तरी बघा एकदा." दातओठ खात गेला कोंडाजीबरोबर. गाडी पुलावर थांबली, त्यानं बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवला. एवढी वाट चालूनही ते धड कोमट नव्हतं. तापतच नव्हतं, मग पेट्रोल नीट पेटणार कसं? परत आला तो थेट शेडीत शिरला.

तारेवरच्या झडपा काढून माझ्याकडं आला. "गोजाबाई, एक पातेलं द्या." चहाच्या पातेल्यात ती कळकट पितळं! मी तोंडाला येईल ते बोलले, पण दिलं. एकेक झडप तापत्या पाण्यात सोडली. बऱ्याच ढिम्म राहिल्या. एक मात्र आधण यायच्या आत हळूच उघडली आणि गार पाण्यात टाकल्यावर मिटली. कोंडाजीच्या गाडीला बसणारीच होती. ती नवं पॅकिंग कापून बसवली. दुसऱ्या सकाळी गाडी न थांबता औंधला जाऊन आली.

कोंडाजी हरखून घरी सांगायला गेला आणि तोंड पाडून परत आला. "म्हनती, मी नव्हते म्हनून चालली," एवढं बोलून डोळे पुसायला लागला.

दौलतरावानं हातातला चहा तसाच ठेवला आणि उठला. मीही मागोमाग गेले. अंबुबाईच्या दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, गाडी माज्यामुळं बंद पडत व्हती. तिची झडप मी काढली व्हती. तुमी नव्हता तवा बी ती पुलावर थांबलीच. तुमचा काय बी संबंध न्हाई."

अंबुबाई अंथरुणात उठून बसली. हळू आवाजात म्हणाली, "भावजी, समोर आडावर बायका जमल्यात. तितं जाऊन सांगता का?"

तो गेला. घागरी भरायच्या थांबल्या. त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं, ऐकू जाईल असं. अंबुबाई दाराची चौकट धरून उभी होती. त्याचं बोलून झालं तशी तिनं औंधला जायला कोंडाजीकडं शाल मागितली.