पासवर्ड नसलेलं खातं

हे गेल्यापासून घरातला जुना कॉम्प्युटर मीच वापरते. शिकवणीच्या प्रश्नपत्रिका त्यावरच टाइप करते. तो इतका मंद झाला होता, की चालू करून मी भाजी निवडायला बसायचे. शेवटी कसबा बावड्यातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं आतली धूळ काढली, नवी हार्डडिस्क बसवून जुनीवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर घेतलं, अँटीव्हायरस टाकला. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "वहिनी, हे दुसरं खातं कुणाचं? ह्याला पासवर्डच न्हाय की!"

"आमच्या ह्यांचं."

ह्यांनी पासवर्ड कधी ठेवलाच नाही. "घरात कुणापास्नं लपवायचं?" म्हणायचे.

"वापरत नसतील तर काढूया. उघडं खातं ठेवणं बरं न्हवं."

"ते वारले," मी म्हटलं.

त्यानं माउसवरचा हात काढून घेतला. "ऱ्हाऊ दे मग."

"नको. फोटो तेवढे माझ्या खात्यात घ्या."

फोटो आल्यावर खातं काढायचं बटण मीच दाबलं. तो गेल्यावर दार लावलं आणि त्याच खुर्चीत बसून खूप रडले. ह्यांना नेलं त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. तेव्हा एवढं रडायला जमलं नव्हतं.