अक्काच्या नावाची मूठ

दोंडाईच्याहून माणूस आला, 'अक्का गेली' म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'पुन्हा?' ... त्या बिचाऱ्याला काही उमगलं नाही. आमच्या दादानं आमच्या या थोरल्या बहिणीला कादंबरीत कधीच मारून ठेवलं होतं. खेड्यातला मुलगा शिकून मोठा कसा होतो, त्याची ती गाजलेली कादंबरी. सातव्या प्रकरणात मुलाची टाकलेली बहीण विहीर जवळ करते आणि त्या दुःखानं तो शहाणा होतो. तुमच्यापैकीही कितीजण तिथं रडले असतील.

खरी अक्का रडणाऱ्यांतली नव्हती. नवऱ्यानं हात उगारला तशी बोदवडला गाडीत बसून एकटी माहेरी आली. टाकलंच असेल तर तिनं त्याला टाकलं. आईच्या मागे लोकांच्या शेतात कापूस वेचून तिनं दादाला जळगावला शिकवलं, मागोमाग मला धुळ्याला. पण बाईनं पुस्तकात एवढं केलं तर नायकानं काय करायचं!

अक्काला अक्षरओळख नव्हती. पुस्तक आलं तेव्हा ते माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "बठ्ठं वाच वं, काही सोडू नको." सातवं प्रकरण आलं आणि मी भराभर पानं उलटली. शेवटपर्यंत ती आहे असं मनचंच सांगून मोकळी झाले, "तू शेवटलगून शेस त्याम्हा." तिनं गल्लीभर साखर वाटली. ते खोटं मला अजून जाळतं.

पुढं जळगावला दादाचा सत्कार झाला. एक शिकलेली बाई त्याला म्हणाली, "तुमच्या बहिणीनं विहिरीत जीव दिला, ते वाचून दोन दिवस मला अन्न गेलं नाही." अक्का शेजारीच बसली होती. दादानं मान खाली घातली. 'ही काय, इथंच बसलीय,' एवढं म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. परतताना गाडीत अक्कानं मला विचारलं, "मी कव्हय मरनू वं?" मी मेले कधी, एवढंच. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

त्या श्रावणातही आमच्या कानबाई देवीच्या रोटाला तिनं पहिली मूठ दादाच्याच नावाची टाकली. आमच्याकडे रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं घेतात, प्रत्येकाची सव्वा मूठ. बायकांनी नुसतं दळायचं. अक्का बजावायची, "ज्यानी मूठ नही, तो जित्ता नही."

लग्न झालेल्या लेकीचं सुतक माहेरी तीन दिवसांचं, म्हणून यंदाही कानबाई अडली नाही. अक्काचं सूप माझ्या हातात आलं. कणगीतून दादाची मूठ घेऊन त्यात टाकली, त्याच्या दोन्ही मुलांची टाकली, मग अक्काची. वहिनी दचकली. "बाईनी कोठे मूठ ऱ्हास, ताई?"

दादा ओट्यावरच बसला होता. त्यानं मान खाली घातली, अगदी तशीच.

मी सुपातून सव्वा मूठ गहू उचलले. "ही दादाची," म्हटलं, आणि कणगीत परत टाकले.