ज्योतीबाईचा शांतपणा

सावद्यात ज्योतीबाईच्या शांतपणाचा बोलबाला झाला होता. केळीच्या गोदामात तिच्याबरोबर फण्या धुणाऱ्या बाया म्हणत, "असं काळीज कुठून आणावं!" कारण तिची अकरा वर्षांची पोरगी, पुनम, पार हाताबाहेर गेली होती. दप्तर रस्त्यात भिरकावायची, वर्गातल्या पोरींना चावायची, आईच्या अंगावर धावून जायची. ज्योती कधी आवाज चढवत नसे. फुटलेलं गोळा करी, ओरबाडलेल्या हाताला हळद लावी आणि कामाला लागे.

तिचा नवरा योगेंद्र शेतातल्या मोटारी दुरुस्त करायचा. पोळ्याच्या आधी एका विहिरीवर त्यानं स्टार्टरमध्ये हात घातला आणि विजेला चिकटून तिथंच गेला. तेव्हापासून पुनमचं हे सुरू झालं, आणि ज्योतीचं बाकी सगळं थांबलं. रडू आलं नाही. उन्हात उभी राहिली तरी ऊन लागेना. केळीच्या चिकानं काळी पडलेली बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटत.

शाळेत पालकसभा होती. किरणबाईंनी, पुनमच्या वर्गशिक्षिकेनं, ज्योतीला मुद्दाम उभं केलं. "पोरांशी न चिडता कसं बोलावं, ते ज्योतीताई सांगतील."

ज्योती उभी राहिली. वर पंखा फिरत होता.

"मले काही जमत नाही," ती म्हणाली. "मले रागच येत नाही. काहीच येत नाही."

लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरच्या पुनमनं मात्र टाळी वाजवली नाही.

संध्याकाळी जेवताना पुनमनं शेवभाजीची वाटी उचलली आणि आईकडे बघत भिंतीवर फेकली. लाल तवंग ओघळत खाली आला. ज्योती फडकं घ्यायला उठली.

"पुसू नको!" पुनम किंचाळली. "वरड माह्यावर! मार मले! बाबा गेले तेव्हाबी तू अशीच. मी काहीबी केलं तरी अशीच!"

ज्योती मटकन त्या भाजीतच बसली.

"तुह्यावर काय वरडू? मले तुह्या बापावर वरडायचं होतं. कितीदा सांगितलं, आधी फ्यूज काढ, मग हात घाल. ऐकलं नाही त्यानं."

शेवटाला आवाज जरा चढला. तिलाच तो अनोळखी वाटला.

"मले हे सांगितलं नाही तू," पुनम म्हणाली.

"नाही सांगितलं."

पोरगी येऊन बसली, पण वीतभर अंतर ठेवून. चुलीवरची भाकरी करपली; कुणी उठलं नाही.

एवढ्यानं पुनम काही गुणाची झाली नाही. पुढच्याच आठवड्यात तिनं शाळेची काच फोडली. ज्योती हातातलं काम टाकून गेली, बाईंची माफी मागितली आणि पोरीला घेऊन निघाली. भरबाजारात ती एकाएकी थांबली. "काऊन फोडली? बोल!" केळीवाले वळून बघायला लागले.

पुनम दचकली. मग खाली बघत म्हणाली, "वर्गातली एक पोरगी म्हने, तुह्या बापाले कामच येत नव्हतं."

"येत होतं," ज्योती म्हणाली. "चांगलं येत होतं. त्या दिवशी घाई केली."

पुनम बापाबद्दल एकेक विचारत गेली आणि ज्योती सांगत गेली, सपाट आवाजात, एखाद्या परक्याची हकिगत सांगावी तशी. घरी पोचल्यावर तिनं हातपाय धुतले. पाणी गार होतं की कोमट, ते तिला कळलं नाही.